मामाची तिजोरी : ‘डकटेल्स’ पुन्हा पाहताना



गेल्या दिवाळीत माझा अमेरिकेतला मावसभाऊ येऊन गेला. जाताना एक खोकं माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, ‘‘आमच्याकडे आता डीव्हीडी लावायला काही उरलंच नाही, तुला आवडेल म्हणून आणलं.’’ उघडलं, तर आत ‘डकटेल्स’चे तीन संच. मी हरखलोच. पण घरच्या प्लेअरवर त्या चालेनात. डीव्हीडीला प्रदेशाचा क्रमांक असतो. अमेरिकेचा १, आपला ५. एका प्रदेशाची चकती दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रावर चालत नाही. शेवटी जुन्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा प्रदेश बदलला. तोही फक्त पाच वेळा बदलता येतो, म्हणजे त्यातली एक संधी मी या बदकांवर खर्च केली.

सोबत पाहायला माझी भाची होती, वय वर्षं आठ. पडद्यावर स्क्रूज मॅकडक आला, पोहायचा पोशाख चढवून त्याने आपल्या तिजोरीत, नाण्यांच्या ढिगात सूर मारला. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. भाचीने मान वळवून विचारलं, ‘‘मामा, हा ते पैसे खर्च का नाही करत?’’

मला उत्तर देता आलं नाही. आणि त्याहून गंमत म्हणजे, तिच्या वयाचा असताना मी हेच दृश्य कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. तो का पडला नव्हता, हा आजचा विषय. आवडत्या गोष्टीकडे तीस वर्षांनी परत जाताना दोन वाटा सोप्या असतात. एक, ‘आमच्या वेळी काय कार्टूनं होती!’ म्हणून उसासे टाकायचे. दुसरी, आता आपण शहाणे झालो म्हणून तिच्यातली खोट दाखवून मोकळं व्हायचं. मला दोन्ही नको आहेत. जिच्यावर मनापासून प्रेम केलं तिची समीक्षा त्या प्रेमासकट करता येते का, ते बघू.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘डकटेल्स’ ही डिस्नेची मालिका. सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, १९९० पर्यंत चालली. एकूण १०० भाग. डकबर्ग नावाचं शहर. तिथे स्क्रूज मॅकडक हा जगातला सगळ्यात श्रीमंत बदक. त्याच्याकडे ह्युई, ड्युई आणि लुई ही तीन पोरं राहायला येतात. मग बुडालेली जहाजं, हरवलेले मुकुट, अँडीजचे डोंगर, हिमालय. कधी बीगल बॉइज तिजोरी फोडायला येतात, कधी मॅजिका नावाची चेटकीण स्क्रूजने कमावलेलं पहिलं नाणं पळवायला बघते. सोबतीला लाँचपॅड नावाचा वैमानिक. तो विमान उडवतो छान, उतरवतो मात्र आपटून.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका हिंदीत लागायची, रविवारी. इथे बसलेल्यांपैकी पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांच्या चेहऱ्यावर आत्ता जे हसू आलंय ना, ते त्या रविवारचं आहे. त्या काळी पाहण्याची एक अट होती. वेळ दूरदर्शनची, आपली नाही. आंघोळ उरकली नसेल तर भाग गेला. लाईट गेली तर भाग गेला. पाहुणे आले आणि ‘आवाज कमी करा रे’ झालं, तर अर्धा भाग गेला. गेलेला भाग शेजारच्या पोराने जिन्यात उभं राहून सांगायचा. तो निम्मं स्वतःच्या पदरचं घालायचा. माझ्या आठवणीतले काही भाग या संचांत मला कुठेच सापडले नाहीत. ते बहुधा जिन्यातच तयार झाले होते. (हशा)

हे फक्त आपलंच नाही. हंगेरीत १२ डिसेंबर १९९३ च्या रविवारी टीव्हीवर ‘डकटेल्स’ चालू होती. मध्येच भाग तुटला, गंभीर संगीत सुरू झालं. पंतप्रधान योझेफ आन्ताल यांचं निधन झालं होतं. साम्यवादी राजवट संपल्यानंतरचे ते तिथले पहिले निवडून आलेले पंतप्रधान. पण पडद्यासमोर बसलेल्या पोरांना एवढंच कळलं की बदकं गेली आणि परत आली नाहीत. त्या वयाच्या हंगेरियन लोकांना आजही ‘डकटेल्स पिढी’ म्हणतात. एका अख्ख्या पिढीची राजकारणाशी पहिली ओळख म्हणजे एक तुटलेलं कार्टून.

डीव्हीडीवर असं काही तुटत नाही. थांबवता येतं, मागे नेता येतं, एकामागून एक सहा भाग पाहता येतात. यातून एक गोष्ट लगेच कळते. ही मालिका आपल्याला वाटली होती तितकी एकसारखी नाही. पहिल्या हंगामात ६५ भाग होते, चित्रांचं काम जपान-तैवानमधल्या स्टुडिओंत वाटून दिलेलं. काही भागांत सोन्यावरचा उजेड, पाण्याची हालचाल, मागची रंगवलेली दृश्यं अशी आहेत की चित्र थांबवून बघत राहावं. काही भाग मात्र सरळ उरकलेले आहेत. लहानपणी दोन्हींत काहीच फरक वाटला नव्हता. वाट पाहण्यात आठवडा जायचा, त्यामुळे जे मिळेल ते गोड लागायचं.

दुसरी गोष्ट, क्रम. मालिकेची सुरुवात पाच भागांच्या एका लांब गोष्टीने होते, ‘ट्रेझर ऑफ द गोल्डन सन्स’. पोरं स्क्रूजकडे का आली, ते त्यात आहे. पण २००५ साली आलेल्या पहिल्या संचात ही गोष्ट नाहीच. ती २००७ च्या तिसऱ्या संचात आहे. आणि शेवटचे २५ भाग यायला २०१८ उजाडलं. त्यामुळे पहिली चकती लावली की पोरं त्या हवेलीत आधीपासून राहतायत. का, कशी, कोणी सांगत नाही. भाचीचा दुसरा प्रश्न हाच होता. ‘‘यांचे आई-बाबा कुठेत?’’

बघा, दोन प्रश्न झाले. पैसे खर्च का करत नाही, आणि आई-बाबा कुठे आहेत. मला वाटतं हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. ते कसं, हे कळायला आपल्याला मालिकेच्या मागे, कॉमिक्सकडे जावं लागेल.

स्क्रूज मॅकडक टीव्हीवर जन्मला नाही. तो जन्मला १९४७ मध्ये, कार्ल बार्क्स नावाच्या माणसाच्या एका चित्रकथेत. नाव घेतलं डिकन्सच्या कंजूष म्हाताऱ्याचं. बार्क्स आधी डिस्नेच्या स्टुडिओत कथा विभागात होते. १९४२ मध्ये नोकरी सोडली, कोंबड्या पाळायचा विचार होता. कोंबड्या राहिल्या बाजूला, पुढची चोवीस वर्षं ते घरी बसून बदकं काढत राहिले. गोष्ट तेच लिहायचे, चित्रं तेच काढायचे. परदेशातले डोंगर, देवळं, जहाजं नीट दिसावीत म्हणून ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे अंक चाळायचे. मोबदला पानामागे ठरलेला, पुढच्या कमाईत वाटा नाही. आणि अंकावर नाव छापायचं ते वॉल्ट डिस्नेचं. वर्षानुवर्षं वाचकांना या माणसाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. चोखंदळ पोरं त्याच्या गोष्टी रेषेवरून ओळखायची आणि त्याला ‘चांगला बदकवाला’ अशा अर्थाच्या नावाने ओळखायची.

‘डकटेल्स’चे जे भाग आजही सर्वांत घट्ट वाटतात, त्यांतले कितीतरी बार्क्सच्या गोष्टींवरून घेतलेले आहेत. चंगीझखानाच्या मुकुटाचा भाग, जमिनीखाली राहणाऱ्या गोलमटोल प्राण्यांचा भाग, क्लोंडाइकचा भाग. म्हणजे मालिका ज्या श्रीमंतीवर उभी आहे, ती एका पानामागे पैसे मिळणाऱ्या कामगाराची कमाई आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

बार्क्सचा स्क्रूज मालिकेतल्या स्क्रूजसारखा दिसतो, पण तो तोच नाही. कॉमिक्समध्ये त्याचा कोट बहुतेक वेळा लाल असतो, मालिकेत निळा. पण कोटाचं सोडा. १९५२ मध्ये स्क्रूजच्या स्वतःच्या नावाने पहिला अंक निघाला. त्यातल्या गोष्टीचं नाव आहे ‘ओन्ली अ पूअर ओल्ड मॅन’. सगळ्यात श्रीमंत बदकाच्या पहिल्याच अंकाला नाव काय, तर ‘एक बिचारा गरीब म्हातारा’. इथेच बार्क्सची नजर कळते. त्या गोष्टीत स्क्रूज पोरांना नाणी दाखवतो. हे अमुक ठिकाणी कष्ट करून मिळवलं, हा डॉलर क्लोंडाइकच्या बर्फात कमावला. त्याच्यासाठी नाणं म्हणजे खरेदी करायची वस्तू नाही. नाणं म्हणजे एक दिवस. तो पैशात पोहतो, म्हणजे स्वतःच्या आयुष्यात पोहतो. आणि त्याच गोष्टीत हा माणूस चोरांच्या भीतीने इतका पिचलेला आहे की ते सगळे दिवस कुठे लपवायचे या काळजीत त्याचा आजचा दिवस जातो. बार्क्स त्याच्यावर माया करतात आणि त्याला हसतातही. दोन्ही एकाच वेळी.

कॉमिक्समध्ये त्या तिजोरीचं माप सांगितलंय तीन घन एकर. आता एकर हे क्षेत्रफळाचं माप, ते घन कसं होणार? पण इतका पैसा म्हणजे मुळात वेडेपणाच आहे, हे त्या एका मापात आलं. मालिकेतही तिजोरी आहे, तितकीच मोठी आहे. पण तिथे ती वेडेपणा वाटत नाही, घर वाटते. का वाटते? कारण बार्क्सच्या कॉमिक्समधला एक माणूस मालिकेने पहिल्याच भागात बाहेर काढला. डोनाल्ड डक.

पहिल्या भागात डोनाल्ड नौदलात भरती होतो आणि पोरांना स्क्रूजकडे सोडून जातो. लहानपणी मला वाटायचं, ठीक आहे, तो मिकीसोबत दुसरीकडे असतो, त्याला वेळ नसेल. पण कॉमिक्समध्ये डोनाल्ड कोण आहे? तो स्क्रूजचा नोकर आहे. तासाला तीस सेंट मजुरी. नाणी घासायची, धोक्यात पुढे व्हायचं, शेवटी हातात काही नाही. बार्क्सच्या साहसकथांत खजिना शोधायला एक श्रीमंत म्हातारा, तीन हुशार पोरं आणि एक कमी पगारावर राबणारा, चिडणारा, घरभाड्याची काळजी करणारा माणूस जातो. वाचणारं पोर कधी स्क्रूजच्या बाजूने असायचं, कधी डोनाल्डच्या. त्या ताणातून विनोद व्हायचा.

डोनाल्ड गेला आणि तीस सेंट गेले. त्याच्या जागी आली एक प्रेमळ दाई, एक अदबशीर बटलर, एक भाबडा वैमानिक. सगळे स्क्रूजकडे कामाला आहेत, पण ते कामगार वाटत नाहीत, घरचे वाटतात. पगाराचा विषय निघालाच तर म्हाताऱ्याच्या चिकटपणावर एक विनोद होतो आणि विमान सुटतं. पैसा मागणारं कोणी पडद्यावर उरलंच नाही, तर ‘हा खर्च का करत नाही’ हा प्रश्न आठ वर्षांच्या मला पडणार कसा?

गंमत अशी की बाहेर काढलेला माणूस वेगळ्या दाराने परत आला. १९८९ मध्ये ‘सुपर डकटेल्स’ या पाच भागांच्या गोष्टीत फेंटन नावाचा एक हिशेबनीस येतो. आधी तो वाटाण्या-घेवड्यासारख्या बिया मोजायच्या कारखान्यात होता. झरझर मोजता येतं, म्हणून स्क्रूज त्याला पैसे मोजायला ठेवतो. फेंटन आईसोबत एका ट्रेलरमध्ये राहतो, चाकांवरचं छोटं घर. आई टबात बसून टीव्ही बघते. आता तिजोरी पाहून झाल्यावर हे घर पाहा. मालिकेला अचानक आठवतं की डकबर्गमध्ये असे लोकही राहतात. मग ती काय करते? फेंटनला लोखंडी चिलखत घालून गिझमोडक करते आणि तिजोरीचा रखवालदार बनवते. ज्याच्याकडे पैसा नाही तोच पैशाची राखण करतो. मला हे आता पाहताना हसूही आलं आणि जरा गप्पही झालो. लिहिणाऱ्यांना हे कळत होतं का? कुठेतरी कळत असावं. नाहीतर ट्रेलर कशाला काढतील?

आता दुसरा प्रश्न. आई-बाबा कुठे आहेत?

या प्रश्नावर एक फार गाजलेलं पुस्तक आहे. १९७१ मध्ये चिलीत, राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या काळात एरियल डॉर्फमन आणि आर्मांद मातेलार यांनी लिहिलं. डोनाल्ड डक कसा वाचावा, असा त्याचा विषय. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीत ते नष्ट करण्यात आलं. १९७५ मध्ये इंग्रजी भाषांतराच्या प्रती अमेरिकेत पोचल्या, तेव्हा तिथल्या कस्टम्सने त्या अडवून धरल्या. बदकांवरच्या पुस्तकाची सरकारांना भीती वाटली, तर त्यात काहीतरी असणारच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. डिस्नेच्या या जगात आई-बाप नाहीत, फक्त ‘अंकल’ आणि ‘नेफ्यू’. कोणी जन्म देत नाही, तसं कोणी काही बनवतही नाही. संपत्ती कष्टातून येत नाही, ती दूरच्या देशांत पुरलेली सापडते. तिथले लोक भोळे असतात, त्यांना त्या सोन्याचं मोल कळत नाही. बदकं येतात, सोनं घेतात, जातात. हे वाचणाऱ्या गरीब देशांतल्या पोरांना साहसाच्या नावाखाली काय शिकवलं जातं, असा त्यांचा सवाल होता.

या चष्म्यातून ‘डकटेल्स’ पाहिली, तर बरंच काही दिसतं. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाला मालिकेने रॉन्गवे असं नाव दिलंय. उरुग्वेवर केलेली कोटी. एक अख्खा देश म्हणजे एक विनोद. लहानपणी मी त्यावर हसलो होतो. तेव्हा मला कुठे माहीत होतं की त्या नकाशावर आपणही ‘दूरच्या’ बाजूलाच आहोत? सोनं शोधायला निघालेल्या विमानात मी बसलो होतो, ते विमान जिथे उतरतं तिथला नव्हतो. हे पुस्तक मला एवढं दाखवून देतं, आणि ते मी मान्य करतो.

पण एका ठिकाणी मी अडतो. ते ‘अंकल’ या शब्दापाशी. आपण मराठी माणसं, आपल्याला अंकल हा शब्द पुरत नाही. काका की मामा, ते आधी सांगा! ही पोरं डोनाल्डच्या बहिणीची, हे १९३० च्या दशकापासून ठरलेलं आहे. म्हणजे डोनाल्ड त्यांचा मामा. आणि स्क्रूज हा डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे डोनाल्डचा मामा. मग स्क्रूज पोरांचा कोण? आजीचा भाऊ. मामाचा मामा! एकदा हे लक्षात आलं की सगळी मालिका आपल्या ओळखीची होते. मामाच्या घरी आई-बाप नसतातच. सुट्टीत मामाच्या गावाला जायचं ते त्यासाठीच. तिथे अभ्यास नाही, रागावणं नाही, जेवायला हवं ते, आणि मामाकडे असं काहीतरी असतं जे आपल्याकडे नसतं. विहीर, ट्रॅक्टर, आंब्याची झाडं. स्क्रूजकडे तिजोरी आणि विमान आहे, एवढाच फरक.

त्यामुळे आई-बापांची अनुपस्थिती आम्हाला रिकामी वाटली नाही, ती सुट्टी वाटली. चिलीतल्या पुस्तकाला यात फक्त सत्तेची उतरंड दिसते. आम्हाला त्यात सुट्टी दिसली. मला वाटतं दोन्ही खरं आहे. कारण सुट्टीतल्या भाच्याला मामाच्या शेतावर कोण राबतं, हे दिसत नाही. आंबे उतरवणाऱ्या गड्याला मजुरी किती मिळते, हे आपण मामाला कधी विचारलं होतं का? मी नव्हतं विचारलं. म्हणून म्हटलं, भाचीचे दोन प्रश्न एकच आहेत. आई-बाप म्हणजे घरातली ती माणसं, ज्यांना किराणा, फी, भाडं यांचा हिशेब करावा लागतो. ती पडद्यावरून गेली की पैसा फक्त चमकायला उरतो.

इतकं सगळं बोललो म्हणजे मालिका वाईट आहे असं नाही. तिने काहीतरी कमावलंही आहे, तेही सांगितलं पाहिजे. तिसऱ्या संचात अखेर ‘गोल्डन सन्स’ पाहिली. सोन्याच्या दरीचा शोध घ्यायचा असतो. त्यात एल कॅपितान नावाचा एक खलाशी आहे. चारशे वर्षांचा. त्याला जिवंत ठेवलंय ते फक्त त्या सोन्याच्या हावेने. शेवटच्या भागात स्क्रूज त्या दरीत पोचतो आणि त्यालाही तोच ताप चढतो. डोळे बदलतात, पोरांचं ऐकू येत नाही. मग सगळी जागा वितळत्या सोन्याखाली जाते. बदकं जीव घेऊन बाहेर पडतात, आणि तो चारशे वर्षांचा म्हातारा परत उकरायला बसतो. मुलांच्या कार्टूनमध्ये लोभाचं इतकं थंड चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. एल कॅपितान म्हणजे पोरं आली नसती तर झालेला स्क्रूज. मालिका त्याला हसत नाही, ती त्याला घाबरते. बार्क्सचा औपरोध हरवला, हे खरं. पण त्या जागी ही भीती आली, आणि ती खोटी नाही.

आणि एक आवाज आला. हिंदीत ऐकलेला स्क्रूज माझ्या कानात पक्का होता, इंग्रजी आवाज मी या डीव्हीडींवर पहिल्यांदा ऐकला. अ‍ॅलन यंग. बालपण एडिंबरात गेलेला नट. त्याच्या बोलण्यात स्कॉटिश वळण आहे, र घोळवणारं. तेव्हा कुठे ध्यानात आलं की स्क्रूज हा परका माणूस आहे. गरिबीतून निघून दुसऱ्या देशात आलेला. इतकी वर्षं तिथे राहून, सगळं शहर विकत घेण्याइतका पैसा करून, बोलतो मात्र घरच्यासारखा. क्लोंडाइकच्या भागात हे फार जाणवतं. बार्क्सच्या १९५३ च्या मूळ कथेत तो गोल्डी नावाच्या बाईकडून जुनं कर्ज वसूल करायला तिकडे जातो. पोचल्यावर तिची अवस्था बघतो आणि शेवटी सोनं तिला मिळेल अशी सोय करतो. पण कबूल करत नाही, आपण विसरलो, हरलो, असं दाखवतो. मालिकेने ते प्रेम उघड केलं, म्हणजे थोडं स्वस्त केलं. तरी त्या आवाजामुळे ते मनाला लागतं.

आता एक घरचं सांगतो आणि संपवतो.

माझे वडील कारकून होते. रविवारी सकाळी आम्ही टीव्हीसमोर, आणि ते मागे खुर्चीत जमाखर्चाची वही घेऊन. दूध, पेपर, रॉकेल, माझी फी. स्क्रूजने सूर मारला की चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘एवढं असून कोट एकच आहे बघ. शीक जरा.’’ त्यांना स्क्रूज आवडायचा. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात चौकोनी पाच पैसे, नक्षीच्या कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, काही चार आणे. काही नाण्यांची त्यांना गोष्ट माहीत होती. हे पहिल्या पगारातून उरलेले, हे तुझ्या जन्माच्या दिवशी दवाखान्याच्या टपरीवर चहावाल्याने परत दिलेले. ३० जून २०११ नंतर सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून काढली. बँकेत बदलून घ्या म्हटलं, तर म्हणाले, ‘‘राहू दे, किती येणारेत?’’ ते गेले, डबा माझ्याकडे आहे.

डीव्हीडी पाहताना मला तो डबा आठवणार, हे उघडच होतं. बार्क्सच्या स्क्रूजला नाण्यात दिवस दिसतो, तसा माझ्या वडिलांनाही दिसायचा. पण इथेच सावध व्हायला हवं, कारण इथेच ही मालिका आपल्याला गुंडाळते. वडिलांचा डबा कोणाच्याही वाट्याचं काही अडवून बसला नव्हता. तो बाजारात शून्य किमतीचा आहे, म्हणून ती आठवण निर्मळ आहे. स्क्रूजच्या तिजोरीत एका शहराचा पैसा आहे. त्याची भावना खरी आहे, पण त्या भावनेने तिजोरी पवित्र होत नाही. बार्क्सना हा फरक कळत होता. त्यांना तो कळणारच, ते स्वतः पानामागे मजुरी घेत होते. म्हणून त्यांनी डोनाल्डला जवळ ठेवला, तीस सेंटांसकट. मालिकेने डोनाल्डला जहाजावर पाठवलं आणि आम्हाला तिजोरी दिली.

आणि आम्ही ती घेतली. नव्वदचं दशक होतं, देशात नवा पैसा येत होता, आपल्याही वाट्याला येईल असं वाटत होतं. मागे वही घेऊन बसलेल्या माणसाकडे पाठ करून आम्ही पुढे सोन्याकडे बघत होतो. प्रश्न न पडण्याचं कारण मला विचाराल तर ते हे आहे. प्रश्न पाठीमागे बसला होता.

भाचीला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, ‘‘त्याला ती नाणी म्हणजे आठवणी वाटतात.’’ तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘मग फोटो काढून ठेवायचे ना.’’ (हशा) मला याच्यावर काही बोलता आलं नाही. आम्ही पुढचा भाग लावला. अजून लावतो. शेवटचे २५ भाग माझ्याकडे नाहीत, ते मिळाले की तेही पाहणार आहे. तुमच्याही घरात जुन्या चकत्या असतील तर टाकू नका. लहान मुलाला शेजारी बसवा, लावा, आणि त्याने विचारलं तर भाग मध्येच थांबवा. रविवारी ते शक्य नव्हतं, आता आहे.

इथे थांबतो.